घासलेली काच

हल्ली हातात धरून फोटो काढता येतील असे कॅमेरे निघाले आहेत, आणि ते ज्यांच्या घरी आले त्यांच्यातले निम्मे लोक आपले फोटो दाखवायला माझ्या अमरावतीच्या घरी येतात. कोणी तरुण वकील, कोणी शाळेतले मास्तर, परवा तर एक डॉक्टर आले होते. बायकोचा, आईचा, धाकट्या भावाचा फोटो माझ्यापुढे ठेवतात आणि म्हणतात, "मोकळेपणाने सांगा हं, काका. कुठे चुकलं?" मी चष्मा लावतो, फोटो उजेडाकडे धरतो आणि म्हणतो, "छान आहे. जपून ठेवा." मग ते हिरमुसतात. म्हातारा आता कामातून गेला, असं बाहेर पडल्यावर म्हणत असतील. म्हणोत बापडे. चुका मला अजून दिसतात, त्या सांगायचं मात्र मी सोडलं, त्याला चाळीस वर्षं उलटून गेली.

संपादकांनी दिवाळीच्या अंकासाठी तेजीच्या काळातल्या गमती लिहून मागितल्या आहेत. गमती थोड्याच आहेत, त्या आधी सांगून टाकतो. बाकी जे आहे ते गमतीचं नाही, पण ते लिहिल्याशिवाय मला मोकळं वाटणार नाही.

तेजी म्हणजे कापसाची. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि आमच्या वऱ्हाडाच्या काळ्या मातीला एकदम कधी नव्हे ते दिवस आले. मी चिताऱ्याचा मुलगा. बाप देवळाच्या भिंतींवर हत्ती-घोडे काढायचा, मी मुंबईला पळालो आणि एका गोऱ्याच्या फोटोखान्यात चार वर्षं काचा धुतल्या. काचा धुता धुता विद्या उचलली. परत आलो तो अमरावती माणसांनी नुसती फुलून गेली होती. अडते, दलाल, गाठी बांधणारे, विलायती कंपन्यांचे गोरे, आणि या सगळ्यांना आपली तसबीर हवी होती. मी पेठेत एका माडीची कौलं काढून तिथे काचा बसवल्या आणि धंदा मांडला. कापसाच्या हंगामात अकोल्याच्या बाजारालगतही एक खोली घेऊ लागलो, पुढे ती बारमाहीच ठेवली.

आता ती कला कोणाला ठाऊक नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. तेव्हा फोटो काचेवर निघे. काचेवर एक चिकट औषध ओतायचं, ती चांदीच्या पाण्यात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. औषध सुकलं की काच फुकट. फोटो घेऊन लगेच अंधाऱ्या खोलीत पळायचं आणि तिच्यावर दुसरं औषध ओतायचं, की चेहरा उमटे, पण उलटा: काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. त्या काचेवरून मग कागदावर सरळ तसबीर उतरवायची. काच मुंबईहून गवतात बांधून येई, निम्मी वाटेतच फुटे. म्हणून बिघडलेला फोटो कोणी ठेवत नसे. औषध खरवडायचं, काच राखुंडीने आणि स्पिरिटने घासायची, की पुन्हा नव्या गिऱ्हाइकाला तयार. घासणं मन लावून करावं लागे. आळस केला तर नव्या चेहऱ्यामागून जुना चेहरा भुतासारखा डोकावे. माझ्या काचेवर असं भूत कधी आलं नाही. काच घासण्यात माझा हात धरणारा उभ्या वऱ्हाडात नव्हता, हे मी तेव्हा चारचौघांत सांगत असे.

गिऱ्हाइकं एकेक नग. आमच्या औषधाला लाल आणि पिवळा रंग दिसतच नसे, दोन्ही काळे येत. एक अडते नवं कोरं लाल पागोटं बांधून बसले आणि तसबीर पाहून माझ्यावर धावून आले, "काहो मास्तर, माह्या घरी कोनी मेलं काय? कायं पागोटं काऊन घातलं मले?" पुढे मी लाल पागोटं दिसलं की वरून पांढरी पूड मारू लागलो. दुसरे एक शेठ छातीपर्यंतची तसबीर बघून घामाघूम झाले. "पाय कोठी गेले?" म्हणाले, "मानूस कापला काय तुमी?" त्यांना पुन्हा उभं करून नव्या जोड्यासकट काढलं, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

आठ-दहा अंक मोजेपर्यंत माणसाला दगडासारखं बसावं लागे. ते कोणाला जमत नाही, म्हणून खुर्चीमागे एक लोखंडी दांडी असे आणि तिच्या टोकाला चिमटा. तो चिमटा मानेला मागून लावायचा, समोरून दिसत नसे. माझ्या फोटोत एकही चेहरा हललेला नसे. सगळे मात्र फाशीची शिक्षा ऐकून आल्यासारखे दिसत. पण तेव्हा तीच रीत होती, आणि मला तीच खरी वाटे.

अशात एका हंगामात किसन पाटील माझ्या अकोल्याच्या खोलीत शिरले. तेल्हाऱ्याच्या खालच्या अंगाला, पूर्णा नदीच्या खारपट्ट्यात त्यांचं गाव. दणकट माणूस, वय तिशी-पस्तिशीचं, बोलणं तोंडावर. कापूस घ्यायला आलेला एक गोरा साहेब विलायतेला परत जाताना आपला कॅमेरा, औषधाच्या बाटल्या आणि काचांची पेटी विकून गेला होता, ते पाटलांनी सगळंच्या सगळं उचललं होतं. लोकांनी तेजीत काय काय घेतलं, पण कॅमेरा घेणारा पाटील मी तो एकच पाहिला.

"मास्तर," ते म्हणाले, "साहेबानं दोन दिवस शिकवलं अन् पयाला. आता मी तसबिरी काढून राहिलो. त्या बघा, अन् काय चुकते ते सांगा. मनात ठेवू नका."

मी पहिली काच खिडकीकडे धरली. त्यांच्या गाडीवानाची तसबीर होती. डोक्यातून एक खांब उगवला होता, भर दुपारच्या उन्हामुळे डोळ्यांच्या जागी दोन खड्डे होते, आणि सगळ्यावर धुकं. हसू दाबून मी आधी एक चांगला शब्द बोललो. हौशी माणसाला आधी गूळ द्यावा, मग कडुलिंब, ही माझी पद्धत. "बसवलाय झोकात," म्हटलं, "पण खांबापुढे बसवू नका. उन्हात नको, ओसरीच्या सावलीत घ्या, आणि ज्या बाजूला अंधार पडतो तिकडे धुतलेलं धोतर टांगा, म्हणजे उजेड परतून येईल. काच कुठल्या पाण्यात धुता?"

"आमच्या हिरीच्या."

"तिथे घात होतोय. तुमच्या गावचं पाणी खारं. खाऱ्या पाण्याने चांदी फाटते, त्याचं हे धुकं. पावसाचं पाणी रांजणात साठवा."

"बाप्पा!" पाटील म्हणाले. "पानी आमाले मारते ते मारते, तसबिरीलेही मारते!"

पुढे दोन हंगाम ते बाजाराला आले की काचांची पेटी घेऊन माझ्याकडे येत. येताना हुरडा, बोरं, काही ना काही आणत. मी एकेक काच बघे आणि सांगे. माणूस फार झपाट्याने शिकला. खांब गेला, धुकं गेलं, डोळे दिसू लागले. एकच दोष राहिला, त्यांची माणसं हलत. मी चिमटा दाखवला तर त्यांनी तो हातात घेऊन उलटापालटा केला आणि म्हणाले, "मानूस हाय का गोऱ्हा, वेसन घालाले?" तो त्यांनी कधी घेतला नाही. मीही प्रत्येक वेळी न चुकता म्हणायचो, "पाटील, हलला." आमची ती थट्टाच होऊन बसली होती. आल्या आल्या तेच विचारत, "आज किती हालले, मोजा."

एके दिवशी ते एकच काच घेऊन आले. बाजाराचा दिवसही नव्हता. काच धोतराच्या फडक्यात गुंडाळून, छातीशी धरून आणली होती.

"हे बघा," म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले. "आमच्या घरची हाय."

त्यांच्या बायकोची तसबीर. इथे हे सांगायला हवं की पाटलांच्या घरची बाई परक्या फोटोवाल्यापुढे बसणं तेव्हा शक्यच नव्हतं. माझ्या सगळ्या तेजीत मी एकाही अशा बाईचा फोटो काढलेला नाही. नवऱ्याच्याच हाती कॅमेरा होता म्हणून ती बसली. काचेवर उलटं दिसतं, पण सवयीने ते मला सरळ वाचता येई. अंगणात कापसाच्या ढिगाजवळ बाई बसली होती. नाकात नथ, डोक्यावरून पदर. आणि ती हसत होती. दात दाखवून, मोठ्याने हसत होती. तोंड वळलं होतं, हनुवटीपाशी दोन रेषा आल्या होत्या, वर उचललेला हात नुसता पुसट पांढरा पट्टा झाला होता.

"बसली होती नीट," पाटील सांगू लागले. "मी सातपावतर मोजलं. तेवढ्यात वासरू आलं अन् माह्या पाठीवरचं कॅमेऱ्याचं कायं कापड चाटाले लागलं. तिले हासूच आवरे ना. मले वाटलं गेली तसबीर. पन औषध ओतलं अन् पायलं, तं... मले तं बरी वाटली. तुमी सांगा."

मी ती काच बराच वेळ धरून होतो. आज खरं लिहितो. माझ्या पेटीत शंभर-दीडशे चेहरे होते, अडत्यांचे, शेठांचे, साहेबांचे, आणि त्यातला एकही असा नव्हता. चार वर्षं मुंबईत हात भाजून घेतले ते मी, आणि गावच्या पाटलाला वासराने फोटो काढून दिला. मला मत्सर वाटला, दुसरा शब्द नाही.

मी म्हणालो, "उजेड फार सुरेख पडलाय, पाटील."

"अन्?"

"पण चेहरा हलला. हात तर गेलाच. कागदावर घेण्यासारखं नाही हे. काच घासून टाकू, पुन्हा बसवा."

त्यांचा चेहरा पडला. "ठेवली तं नाई चालनार? अशीच?"

"ठेवून काय करता? उद्या चार लोक बघतील. पाटलाच्या घरची बाई दात काढून हसते, असं म्हणतील. चांगली काढा की पुन्हा. घाई काय आहे?"

हे शेवटचं मी बोललो ते मला आजही ऐकू येतं. सल्ला म्हणून धड होता, धंद्याच्या रीतीला धरून होता, कोणीही तोच दिला असता. पण मी तो का दिला ते मला माहीत होतं.

पाटलांनी काच हातात घेतली आणि परत दिली. "तुमीच घासा मंग. माह्या हातानं नाई होत." निघताना दारात थांबून म्हणाले, "आता येचनी झाल्यावरच बसन ते. लय कामं हायेत."

त्याच दुपारी मी काच घासली. औषध खरवडलं, राखुंडी लावली, स्पिरिटने पुसली, उजेडात धरून पाहिली, पुन्हा पुसली. दुसऱ्या दिवशी एक दलाल बसायचे होते आणि माझ्याकडे काच कमी होती. त्या काचेवर मी दलालांचा फोटो काढला. उत्तम आला. जराही हलला नव्हता.

वेचणीनंतर पाटील आले ते नुसत्या कापसाच्या गाड्या घेऊन. बायकोला वेळ झाला नव्हता. उन्हाळ्यात म्हणाले, पाहुणे आहेत. मग पावसाळा लागला, ढगात फोटो निघत नाही. त्या पावसाळ्यात पूर्णाकाठच्या गावांत पटकी आली. सकाळी धडधाकट असलेलं माणूस संध्याकाळी नाही, असा तो रोग. मला ही बातमी बाजारात त्यांच्या गाडीवानाकडून कळली. तो म्हणाला, "पाटलीनबाई गेल्या, मास्तर. एका दिसात."

मी खोलीवर येऊन बसलो. काही केल्या जेवण गेलं नाही. ती काच सोडून त्या बाईच्या चेहऱ्याची जगात दुसरी कुठली खूण नव्हती, आणि ती मी घासली होती.

चौदाव्या-पंधराव्या दिवशी पाटील आले. डोक्याचे केस काढलेले, गाल आत गेलेले. बसले, पाणी प्यायले आणि विचारलं, "मास्तर, ते काच घासली काय तुमी?"

प्रश्न असा विचारला, की जणू मला अजूनही नाही म्हणता आलं असतं.

"घासली, पाटील. त्याच दिवशी."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "कोन्ती होती, ते तं ठाव असन?"

ठाऊक होती. गोऱ्या साहेबाने आपल्या प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात हिऱ्याने आकडा कोरला होता. मी पेटीतून दलालांची काच काढून दिली. दलाल तोवर गाशा गुंडाळून गेले होते. अमेरिकेतली लढाई संपली होती, भाव कोसळला होता, आणि असे कितीतरी लोक आपल्या तसबिरीही न नेता रातोरात दिसेनासे झाले होते. पाटलांनी त्या दलालाच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"तुमीच सांगतलं होतं," ते म्हणाले, "काच नीट घासली नाई तं पहिलं तोंड वर येते म्हनून. येते ना?"

"येतं. पण..."

"पन तुमी नीट घासता. ठाव हाय मले." त्यांनी काच फडक्यात गुंडाळली. "एखाद्या टायमाले तुमच्याकूनही राहून जाऊ शकते, मास्तर. मानूसच हाय."

त्यांनी ती नेली. त्या दिवसांत मी देवाला एकच मागणं मागत असे, की माझा हात त्या दुपारी चुकलेला असो. धंद्यात ज्या गोष्टीचा ताठा मिरवला, ती खोटी ठरावी म्हणून मी नवस बोललो. कारागिराने याहून उलटं काही मागितलं असेल असं मला वाटत नाही.

कार्तिकात उघडीप झाल्यावर ते पुन्हा आले. दलालाचं तोंड खरवडून त्यांनी त्या काचेवर पुन्हा औषध ओतलं होतं आणि अंगणातल्या रिकाम्या जागेचा फोटो काढला होता. पुन्हा खरवडलं, पुन्हा काढला. किती वेळा ते सांगितलं नाही. घरचं औषध संपत आलं होतं. शेवटची काच त्यांनी माझ्यापुढे ठेवली आणि नेहमी बसत तिथे बसले.

"बघा," म्हणाले. "इथं काई दिसून राहिलं काय?"

मी काच खिडकीकडे धरली. रिकामं अंगण होतं. मधोमध जरासं धुकं होतं. रांजणातलं पावसाचं पाणी संपलं असावं, विहिरीचं वापरलं असावं. खाऱ्या पाण्याचं धुकं मी त्यांना पहिल्याच दिवशी ओळखायला शिकवलं होतं, तरी ते माझ्या तोंडाकडे आशेने बघत होते. माझा धीर झाला नाही.

"आहे," मी म्हणालो. "अगदी पुसट आहे, पण आहे. हा पदरासारखा..."

"मास्तर," ते हळू आवाजात म्हणाले. "असं नका करू. तुमी मले कधी खोटं नाई सांगतलं. म्हनून तं येत होतो."

मी काच खाली ठेवली. "काही नाही, पाटील. पाण्याचं धुकं आहे."

"हं. मलेही तसंच वाटलं." त्यांनी डोळे पुसले, लपवले नाहीत. मग म्हणाले, "एक इचारू? ते तसबीर खरंच येवढी वाईट होती काय?"

या प्रश्नाची मला भीती होती, आणि तो इतक्या साधेपणाने येईल असं वाटलं नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "चांगली होती. तुमच्या सगळ्यात चांगली. माझ्या एकाही फोटोला तिची सर नाही."

"मंग तवा काऊन नाई सांगतलं?"

उत्तर मला येत होतं. एका शब्दाचं होतं, वर लिहिलंच आहे. ते बोललो असतो तर कदाचित त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या आणि आम्ही दोघंही मोकळे झालो असतो. पण माझ्या तोंडून निघालं ते धंद्याचंच. "चेहरा हलला होता, पाटील."

ते उठले. त्यानंतर ते माझ्याकडे कधी आले नाहीत. कॅमेरा त्यांनी कोणाला देऊन टाकला असं मागाहून ऐकलं. त्या दिवशी ते रागावलेही नाहीत. काच त्यांनी माझ्या मेजावरच ठेवली, पायात जोडा घातला, आणि एखाद्या पोराला समजवावं तसं म्हणाले, "हाललाच होता, मास्तर. जित्ती होती ना ते. हालनारच."